मुरलेल्या काळजीची नोंद कुठेच होत नाही

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : ग्रामीण भागातील दीर्घकालीन चिंता आणि घराघरांतील रोजच्या वागण्यावर होणारा तिचा परिणाम

महोदय,

विदर्भातील शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी आपल्या दैनिकात बरेच छापून येते आणि त्याबद्दल आम्ही वाचक आपले आभारीच आहोत. परंतु त्यातील बहुतेक मजकूर आत्महत्येच्या बातमीपासून सुरू होतो आणि सरकारी मदतीच्या रकमेपाशी येऊन थांबतो. माणूस गेल्यावर त्याच्या डोक्यावर कर्ज किती होते, सातबारा कोणाच्या नावे होता, प्रकरण पात्र ठरले की अपात्र, याची चर्चा होते. त्याआधीची कित्येक वर्षे त्या घरात कशी गेली असतील, हा प्रश्न बातमीत बसत नाही. शिवाय जे कुटुंब त्या टोकापर्यंत कधीच जात नाही, पण वर्षानुवर्षे काळजीतच जेवते, झोपते आणि भांडते, त्याची बातमी होण्याचे काही कारणच नसते. अशी घरे गावागावांत आहेत आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. हे पत्र त्यांच्याविषयी आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि सेवानिवृत्तीनंतर खारपाणपट्ट्यातील माझ्या गावीच राहते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे विहीर किंवा बोअर घेऊन ओलित करण्याची सोय नाही आणि सोयाबीन, कापूस, तुरीपासून हरभऱ्यापर्यंत सगळी भिस्त आभाळावर असते. जूनमध्ये पेरणी साधली तरी जुलैत पावसाने खंड दिला की दुबार पेरणीची टांगती तलवार, त्यातून पीक वाचले तर सप्टेंबरात अतिवृष्टीची धास्ती, माल घरात आला की भावाची चिंता आणि भाव मिळाला तरी बँक, कृषी केंद्र व सावकार यांपैकी आधी कोणाचे तोंड बंद करायचे हा पेच. अशा ठिकाणी काळजी हंगामापुरती राहत नाही, ती बारमाही होते.

माझे म्हणणे असे, की गावात आपण ज्याला तापट, रडका, कटकटा किंवा तुसडा स्वभाव म्हणून सोडून देतो, त्यातील बराच भाग स्वभाव नसतोच. ती अंगात मुरलेली काळजी असते. तिच्यामुळे माणसाचे हसणे, रागावणे, दचकणे, रडणे, प्रेम करणे हे सारेच हळूहळू बदलते आणि हा बदल इतका सावकाश होतो, की घरच्यांना तो माणूस पहिल्यापासून तसाच होता असे वाटू लागते. घरी गेल्यावर नवरा अंगावर ओरडला तर बाई पाहुण्यांसमोर सावरून घेत म्हणते, ‘‘काही नाही जी मॅडम, त्यायचा सुभावच तापट हाये.’’ लग्नाच्या वेळी हाच माणूस वरातीत सर्वांत पुढे नाचत होता, हे तिला आठवत नाही.

संकटाच्या वेळी भीती वाटणे हा आजार नव्हे. ती शरीराची उपजत सोय आहे. धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग सूचना देतो, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींमधून आधी अॅड्रिनलिन आणि मागोमाग कॉर्टिसॉल रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात आणि पचन मागे पडते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रतिसादाचे ‘लढा किंवा पळा’ असे वर्णन केले. बांधावर साप दिसला तर ही व्यवस्था जीव वाचवते आणि साप निघून गेल्यावर काही वेळात शरीर मूळ पदावर येते. परंतु पीककर्जाचे नूतनीकरण, न आलेला पाऊस किंवा मुलीचे लांबलेले लग्न यांच्याशी लढताही येत नाही आणि त्यांच्यापासून पळूनही जाता येत नाही. ‘आता धोका टळला’ असा निरोप शरीराला मिळतच नाही, आणि तो मिळेपर्यंत ते सज्जच राहते.

हरभरा भरात असताना रोही आणि रानडुकरांसाठी रात्रभर जागल करणारा माणूस पहाटे-पहाटे कसा वागतो, हे आपल्या ग्रामीण वाचकांना सांगायला नको. पहिल्या रात्री तो कान देऊन ऐकतो, खरोखर जनावर शिरले आहे का याची खात्री करतो आणि मगच डबा वाजवतो. पण सलग काही रात्री गेल्यावर पानाची सळसळ झाली तरी आरोळी ठोकतो, मग ते डुक्कर असो, कुत्रे असो की त्याच्यासाठी चहा घेऊन आलेला पोरगा असो. दीर्घकालीन चिंतेत मेंदूचे नेमके हेच होते. संशोधक सांगतात, की चिंताग्रस्त माणसाचे लक्ष धोका सुचवणाऱ्या गोष्टींकडे आधी वळते आणि ज्या गोष्टीचे दोन अर्थ निघू शकतात तिचा तो वाईट अर्थच धरतो. शाळेतून निरोप आला की मुलाला काहीतरी झाले असणार, पारावर चार माणसे हसली की आपल्यावरच हसली असणार, मुलगी फोनवर कमी बोलली की सासरी तिला त्रास असणार. इथे कल्पनाशक्ती बिघडलेली नसते. सतत सज्ज राहिलेल्या मेंदूने धोक्याची पट्टी फार खाली आणून ठेवलेली असते.

जागलीचा उल्लेख मी केवळ उपमेसाठी केलेला नाही. पश्चिम विदर्भातील असंख्य शेतकऱ्यांची झोप वन्य प्राण्यांनी प्रत्यक्षात हिरावून घेतली आहे आणि ओलिताच्या गावांत कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की तिथेही रात्र रानातच जाते. झोप तुटलेल्या माणसाचा अमिग्डाला अप्रिय गोष्टींना अधिक तीव्र प्रतिसाद देतो आणि त्याला आवर घालणाऱ्या, कपाळामागील मेंदूच्या भागाशी असलेला त्याचा समन्वय कमी होतो, असे मेंदूच्या चित्रणाच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे काळजीमुळे झोप जाते आणि झोप गेल्यामुळे दुसऱ्या दिवशीची क्षुल्लक गोष्टही मोठी वाटते. त्यात भर चहाची आणि खऱ्र्याची. दिवसातून अनेक वेळा खर्रा घोटून तोंडात टाकणाऱ्याला आपले डोके शांत होते असे मनापासून वाटते. प्रत्यक्षात तंबाखूतील निकोटिन हृदयाची गती वाढवते आणि त्याचा अंमल उतरू लागला की येणारी अस्वस्थता हीसुद्धा चिंतेसारखीच भासते. खर्रा मिळाला की ती अस्वस्थता जाते, म्हणून खऱ्र्याने ‘टेन्शन’ गेले असे तो समजतो.

एका शेजारच्या घरातील, मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगते. ओळख पटू नये एवढी काळजी घेते. हिवाळा सरत आला होता. घरातली समोरची खोली वेचून आणलेल्या कापसाने जवळजवळ आढ्याला टेकली होती आणि माणसांचा वावर उरलेल्या दीड खोलीत चालला होता. कापूस घरात पडून राहिला की अंगाला खाज सुटते, रात्री लहान मुले खाजवून हैराण होतात, ते वेगळेच. भाव चढेल म्हणून थांबायचे की वेचणीचे पैसे चुकते करण्यासाठी उद्याच गाडी भरायची, हा विषय त्या घरात रोज दिवेलागणीला निघत असे. त्या संध्याकाळी घरधनी खाटेवर बसला होता, बाजूला ठेवलेला मोबाइल खणाणला आणि तो असा दचकला, की हातातली तंबाखू सांडली. फोन रिचार्जच्या जाहिरातीचा होता. चुलीपासून बायकोने विचारले, ‘‘चहा ठेवू का?’’ त्यावर तो कडाडला, ‘‘तुले चहाच सुचते का बाप्पा आता?’’ ती काही बोलली नाही. तिने आधण उतरवून ठेवले. त्यांची मुलगी सहलीच्या पैशांची चिठ्ठी घेऊन दारापर्यंत आली होती, ती तिथूनच मागे वळली. पुढच्या आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ती पोट दुखते म्हणून वर्गात बसून राहू लागली आणि दुपार झाली की बरी होत असे. मुलांची काळजी पुष्कळदा पोटातून बोलते, हे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

त्या संध्याकाळी त्या घरात कोणाचेही काही चुकलेले नव्हते. दचकण्याचे कारण फोन नव्हता आणि रागाचे कारण चहा नव्हता. दिवसभर दाबून धरलेली धास्ती जे पहिले दार उघडे सापडेल त्यातून बाहेर पडते, आणि ते दार बहुधा घरातल्या सर्वांत निरुपद्रवी माणसाचे असते. बँकेच्या साहेबासमोर, अडत्यासमोर किंवा तलाठ्यासमोर हाच माणूस हात जोडून उभा असतो. म्हणून बाहेरच्यांना तो ‘लय गरीब माणूस’ वाटतो आणि घरच्यांना कर्दनकाळ. ओरडून झाल्यावर त्याला पश्चात्ताप होतो, पण तो बोलून दाखवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तो मग जेवत नाही किंवा उठून पारावर जाऊन बसतो, आणि ‘आपण बायकोपोरांना सुखात ठेवू शकत नाही’ ही आणखी एक काळजी आधीच्या ढिगावर चढते.

स्त्रियांच्या बाबतीत हेच वेगळ्या रूपाने दिसते. नवरा तालुक्याला गेला, अंधार पडला तरी आला नाही, फोन बंद लागतो. ती पुन्हापुन्हा फोन लावते, रस्त्यावर झालेले सगळे अपघात तिला आठवतात, चुलीवरची भाजी करपते. तो दारात उभा राहिला की तिने सुटकेचा श्वास टाकावा अशी आपली अपेक्षा. पण तिच्या तोंडून निघते, ‘‘एक फोन कराले का हात झडले होते?’’ नवऱ्याच्या मते बायको भांडखोर आहे. वास्तविक, गेले दोन तास तिने जी भीती सोसली तीच आता आवाज चढवून बाहेर पडत असते. अशाच एका बाईने मला एकदा सांगितले होते, ‘‘मले समजते जी, की मी उगाच बोलून ऱ्हायली, पण तोंडातून निघूनच जाते अन् मग जीव जयते.’’ आपले वागणे चुकते आहे हे कळत असूनही ते आवरता न येणे, हा या अवस्थेतील सर्वांत त्रासदायक भाग असावा असे मला वाटते. पुरुषाचा राग आपल्या समाजात ‘कडक शिस्त’ म्हणून खपून जातो. तोच राग सुनेच्या तोंडून निघाला तर तिच्या माहेरचा उद्धार होतो आणि प्रसंगी तिला एखाद्या बाबाकडे नेऊन बसवले जाते, हेही इथेच नमूद करते.

आणखी एका परिणामाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. काळजी मुरली की आनंदही नीट घेता येत नाही. मुलाची नोकरी लागली, पोळ्याला बैल सजले, तुरीला कधी नव्हे तो भाव मिळाला, तरी त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू उमटता उमटता थांबते, कारण ‘एवढे चांगले झाले, आता पुढे काय वाढून ठेवले असेल’ हा विचार लगेच मागून येतो. काही जण याच्याही पुढे जातात; त्यांना ना रडू येते ना हसू. मर्तिकाला गेले तरी ते कोरडे असतात आणि लग्नाला गेले तरी कोरडेच. लोक त्यांना दगड म्हणतात. सतत ताणलेले मन थकले की भावना बोथट होतात, आणि इथून पुढे नैराश्याची हद्द सुरू होते. चिंता व नैराश्य ही दोन्ही पुष्कळ रुग्णांत बरोबरच आढळतात.

ही केवळ माझी निरीक्षणे आहेत असे कोणी समजू नये. मानसोपचारात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार, किमान 6 महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी अतिरिक्त काळजी वाटत असेल आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, लवकर थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा आणि झोपेची तक्रार यांपैकी किमान तीन लक्षणे असतील, त्यापायी कामात वा नातेसंबंधांत अडथळा येत असेल आणि दुसऱ्या कोणत्या आजाराने वा औषधाने त्याचा उलगडा होत नसेल, तर त्यास सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या आणि आज जगभर वापरात असलेल्या सात प्रश्नांच्या छोट्या चाचणीतही ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही लवकर चिडता किंवा वैतागता का’ असा स्वतंत्र प्रश्न आहे. म्हणजे ज्या चिडचिडीला आपण स्वभावाच्या खात्यात टाकतो, ती वैद्यकशास्त्राने लक्षणांच्या यादीत घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 30 कोटी लोक चिंताविकारांनी ग्रस्त होते. मानसिक विकारांमध्ये हेच सर्वाधिक आढळतात, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त, आणि उपचार मिळतात ते चारांपैकी साधारण एकाला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पावसाने वीस दिवस ओढ दिली असताना शेतकऱ्याला झोप येत नसेल तर तो आजारी नाही. उलट त्या स्थितीत निवांत घोरणाऱ्याचीच मला काळजी वाटेल. प्रत्येक दुःखाला आजाराचे नाव देणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय आहे. पाहायचे ते असे, की पाऊस आला, पीक सावरले, हप्ता भरला, तरीही छातीतली धडधड आणि तोंडचा तोफखाना तसाच चालू राहतो का. महिनोन्‌महिने चालू राहतो का. आणि त्यापायी माणसे त्याच्यापासून, तो माणसांपासून दूर जात आहे का. बँकेचे पाकीट न फोडता ट्रंकेत टाकणे, अनोळखी नंबर न उचलणे, लग्नकार्य टाळणे, पैशाच्या कोणत्याही विषयावर घर डोक्यावर घेणे ही त्या दूर जाण्याची लक्षणे आहेत. टाळल्यामुळे घडीभर बरे वाटते, म्हणून टाळण्याची सवय लागते, आणि न फोडलेल्या पाकिटातले व्याज मात्र चालूच राहते.

मग हे लोक उपचारासाठी जातात कुठे? ते जातात, पण शरीराची तक्रार घेऊन. ‘जीव घाबरते’, ‘हातापायातलं बळ गेल्यावानी वाटते’, ‘पोटात गोळा येते’, ‘डोकं जड पडते’ असे सांगत गावोगावच्या दवाखान्यांत हिंडतात. छातीतील धडधडीसाठी आधी शरीराची तपासणी झालीच पाहिजे, कारण रक्तक्षय, थायरॉइडचा अतिस्राव किंवा हृदयाचा दोषही अशीच लक्षणे दाखवतो. पण तपासण्या स्वच्छ आल्यावर ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाला वाटेला लावणे, किंवा त्याचे समाधान व्हावे म्हणून सलाइनची बाटली लावणे, हे दोन्ही प्रकार मी वारंवार पाहते. बाटली लावली की बरे वाटते, यात नवल नाही. घटकाभर निवांत पडायला मिळते, उशाशी कोणीतरी बसलेले असते आणि कोणीही पैसे मागत नाही. मात्र त्याहून गंभीर गोष्ट झोपेच्या गोळ्यांची आहे. अल्प्राझोलामसारखी गोळी एकदा कोणीतरी लिहून दिलेली असते, मग तोच कागद दाखवून ती मेडिकलमधून महिनोन्‌महिने आणली जाते. या गोळीने त्या रात्रीपुरती शांतता मिळते, पण तिची सवय लागते, मात्रा वाढत जाते आणि ती एकदम बंद केल्यास चिंता उसळून येते, क्वचित झटकेही येऊ शकतात. याउलट चिंतेवर तज्ज्ञ ज्या गोळ्या प्रामुख्याने देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या तशा सवय लावणाऱ्या नसतात. पण आठवड्यात फरक पडला नाही म्हणून त्या सोडून दिल्या जातात. विचारांची व वागण्याची घडी बदलणारे समुपदेशन चिंताविकारांवर परिणामकारक ठरते हे सिद्ध झालेले आहे. ते आमच्या गावांना मिळत नाही.

‘आधी मालाला भाव द्या, मग समुपदेशनाच्या गोष्टी करा,’ असे कोणी म्हणेल, आणि म्हणावेच. कोरडवाहू शेती तोट्यात, पीकविम्याची रक्कम अनिश्चित, 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने माणसे दगावली. अशा प्रदेशात काळजीचे मूळ डोक्यात नाही, शिवारात आहे, हे मला मान्य आहे. सरकारने शेतीचे प्रश्न सोडून देऊन शेतकऱ्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवावे, असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु ज्याचे मन चोवीस तास धोक्याच्या सूचनेवर आहे त्याला शेतीचे निर्णयही नीट घेता येत नाहीत. तो घाबरून माल मातीमोल विकतो, नाही तर घाबरूनच विकायचे टाळतो, आणि योजनेच्या अर्जाची मुदत समोरून निघून जाते. शिवाय भाव मिळेपर्यंत त्या घरातल्या मुलीने पोटदुखी सोसत राहावे का, या प्रश्नाला शेतमालाच्या अर्थशास्त्रात उत्तर नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.

आणि ती करता येतात, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवण्यात आला. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी मानसिक आरोग्याबद्दल बोलावे, ज्यांना गरज आहे त्यांना समुपदेशकाची भेट घडवावी आणि गंभीर रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध करावा, अशी त्याची साधी रचना होती. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. हा आकडा नैराश्याचा आहे, चिंताविकाराचा नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. तरीही खेड्यातील माणूस मनाच्या तक्रारीसाठी मदत घेतच नाही, हा समज त्यातून खोटा ठरतो. विचारणारे कोणी असेल तर तो सांगतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांबाबत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले होते आणि त्या सर्वेक्षणाच्या 12 राज्यांमध्ये महाराष्ट्र नव्हताच, हेही येथे सांगितले पाहिजे.

कागदावर व्यवस्था पुष्कळ आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात सुरू आहे. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, म्हणजेच 2017 च्या कायद्याने, शासनाच्या खर्चाने चालणारे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू आहे; 14416 हा तिचा क्रमांक, कॉल मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते. आत्महत्येच्या बातमीखाली मदतीचा क्रमांक छापण्याची पद्धत आता रुळली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे हा क्रमांक फक्त जीव द्यायला निघालेल्यांसाठी आहे असा ग्रह झाला आहे. ‘मी गेल्या वर्षापासून मुलांवर फार ओरडतो आणि मला रात्री झोप येत नाही’ एवढे सांगण्यासाठीही तो फिरवता येतो, हे गावात मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांना नवीन होते.

आरोग्य विभागाकडे माझी मागणी मोठी नाही. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची बीपी आणि शुगर तपासली जाते, त्याच बैठकीत झोप, काळजी आणि चिडचिड यांविषयी दोन-चार प्रश्न आपल्या बोलीत विचारले जावेत आणि ज्यांची उत्तरे काळजी वाटावी अशी असतील त्यांना पुढे कुठे पाठवायचे हे विचारणाऱ्याला माहीत असावे. हे काम आशाताईंच्या गळ्यात मोबदल्याशिवाय आणखी एक रजिस्टर म्हणून पडू नये. आधीच त्यांच्या पिशवीत किती नोंदवह्या असतात ते पाहिले म्हणजे पुरे. शाळांमध्ये वारंवार पोट किंवा डोके दुखणाऱ्या मुलाच्या घरी काय चालले आहे याची विचारपूस व्हावी, आणि ती मुख्याध्यापकांच्या खोलीत पालकाला उभे करून नव्हे.

घरच्यांना काय सांगावे, हा सर्वांत कठीण भाग आहे. ‘एवढं काय टेन्शन घ्यायचं’ हे वाक्य सद्हेतूने उच्चारले जाते, पण काळजी ही कोणी मुद्दाम घेत नसल्यामुळे ते ऐकणाऱ्याला आपली हेटाळणीच झाली असे वाटते. भडका उडाला असताना समजावणे व्यर्थ असते. तेव्हा शरीरच तापलेले असते, त्याला थोडा वेळ आणि थोडे अंतर द्यावे लागते. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, काम करता करता, शेजारी बसून विचारलेला प्रश्न पुरुषमाणूस समोरासमोरच्या प्रश्नापेक्षा लवकर घेतो, असा माझा अनुभव आहे. मात्र काळजी हे कारण असले तरी मारहाणीला ते माफीपत्र होऊ शकत नाही. हात उचलणाऱ्या नवऱ्याच्या चिंतेचे निदान होईपर्यंत बायकोने मार खावा, असा अर्थ माझ्या पत्रातून कोणी काढू नये.

आता आपल्याकडे एक विनंती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी येते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात जवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात तो दिवस कोणता, हे खिडकीवर बसलेल्यालाही सांगता आले नाही, आणि भिंतीवरचा फलक जुन्या पोस्टरखाली झाकला गेला होता. मजुरी बुडवून आणि एसटीचे भाडे खर्चून आलेला माणूस एकदा असा परत गेला की पुन्हा येत नाही. आपल्या जिल्हा आवृत्तीत रोज बाजार समित्यांचे भाव चौकटीत येतात आणि ती चौकट गावात सर्वांत आधी वाचली जाते. आठवड्यातून एकदा, त्याच चौकटीशेजारी, कोणत्या तालुक्यातील रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक कोणत्या वारी, किती वाजता बसणार आहेत, याची खात्री करून घेतलेली यादी आपण छापावी. एखाद्या आठवड्यात पथक आले नाही, तर तेही छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
जि. अमरावती
(पत्रातील कुटुंबांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)